हरड सरांचं ‘ठेव’ आणि ‘दे’

हरड सरांच्या हातात कुठलीही वस्तू दिली, की ते आधी ती उलटी करून बघत. वांगं असो, लग्नाची पत्रिका असो, नवं पाठ्यपुस्तक असो. मी शाळेत रुजू झालो त्या दिवशी माझं नेमणूकपत्र त्यांनी असंच पालथं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूकडे बराच वेळ पाहिलं. मग “कागद बरा आहे,” एवढंच म्हणाले. माझ्याबद्दलचं मत त्यांनी राखून ठेवलं. ते मला चार वर्षांनी कळलं, तेही दुसऱ्याकडून.

आमची शाळा मुरबाडहून धसईकडे जाताना लागते. पाचवी ते दहावी, कौलारू, मागच्या भिंतीला टेकलेली भाताची खाचरं. नव्वदच्या दशकात मी तिथे मराठी आणि इतिहास शिकवायचो, हरड सर गणित. वय पन्नाशीचं, अंगाने काटकुळे, पांढरा शर्ट, आणि खिशात न मावणारा एक रुमाल. रुमाल कसला, पंचाच तो. सहकाऱ्यांना ते नावाने हाक मारत नसत, विषयाने मारत. “काय मराठी, चहा घेणार का?” “आज भूगोल दिसत नाय?” चित्रकलेच्या बाई रजेवर गेल्या तेव्हा “चित्रकला बाळंत झाली, मुलगा आहे,” ही बातमी स्टाफरूममध्ये त्यांनीच आणली.

तो रुमाल वडिलांचा होता. वडील गुरांचे दलाल. म्हसाच्या यात्रेत पौषातल्या थंडीत गुरांचा बाजार भरतो. तिथे बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा ठरवतात. भोवतीच्या लोकांना फक्त रुमाल हललेला दिसतो. हरड सर लहानपणी वडिलांच्या मागे बसून हे बघत. दात कसा बघायचा, खूर कसा, मागून चाल कशी, हे त्यांना पाढ्यांच्या आधी आलं. वडिलांचा आणखी एक नियम होता: दलालाचा शब्द पहिल्या चिखलणीपर्यंत. पौषात विकलेला बैल आषाढात खाचरात बसला, तर दलालानं जाऊन तो परत घ्यायचा, मग तो कुठल्याही गावाला असो. असा एक बसका बैल आणायला वडील किन्हवलीपर्यंत चालत गेले होते आणि येताना वाटेत बैलाशी एक शब्द बोलले नव्हते, असं सर सांगत.

सर स्वतः दलाल झाले नाहीत, शिक्षक झाले. पण डोळा गेला नाही. यात्रेच्या आधी महिनाभर शाळेच्या फाटकाशी शेतकरी उभे राहत. “सर, रविवारी येताय ना? एक जोडी बघून ठेवलीय.” सर जात. बैलाभोवती एकदा फिरत आणि निकाल देत. त्या निकालावर कोणी पुन्हा बोलत नसे. मोबदला चहाचा, तोही अर्धा.

हाच डोळा ते माणसांवरही ठेवत. एकदा तालुक्याहून एक साहेब तपासणीला आले. रुंद खांदे, करडी सफारी, दीड तासाचं भाषण. राष्ट्राच्या जडणघडणीपासून शाळेच्या संडासापर्यंत कुठलाही विषय त्यांनी सोडला नाही. ते गेल्यावर मी सरांना विचारलं, “कसे वाटले?”

“दिसायला भरलेला आहे,” सर म्हणाले. “पण मानेवर जुवाचा घट्टा नाय.”

तर अशा माणसाच्या हातात चुइंगमच्या पाकिटातली कार्डं आली.

त्या वर्षी आमच्या भागात एकाएकी परदेशी पैलवान अवतरले. धसईच्या दुकानात एका चुइंगमबरोबर एक कार्ड मिळायचं. वर पैलवानाचं रंगीत चित्र, खाली सहा रकाने: क्रमांक, उंची, वजन, छाती, दंड आणि लढती. नावं इंग्रजीत होती आणि पोरांना ती वाचता येत नव्हती, म्हणून त्यांनी बारसंच करून टाकलं. टकल्या, मुखवट्या, राजा, बुढ्ढा, केसाळ. खेळ सोपा होता. दोघांनी आपापली कार्डं हातात पालथी धरायची आणि वरचं एकेक उचलायचं. ज्याची बारी, त्याने रकाना पुकारायचा. “वजन!” म्हटलं की दोघांनी वजन सांगायचं, ज्याचा आकडा मोठा, त्याची दोन्ही कार्डं, कायमची. पुढची बारीही त्याचीच. फक्त क्रमांकाच्या रकान्यात उलटं, तिथे एक नंबर सगळ्यांत मोठा.

आमच्या मुख्याध्यापकांना परिपत्रक काढायला कारण लागत नसे. या वेळी ते मिळालं. ‘उघड्या अंगाच्या परदेशी मल्लांमुळे बालमनावर होणारे दुष्परिणाम’ या विषयावर त्यांनी दीड पान लिहिलं आणि प्रत्येक वर्गात वाचायला लावलं. कार्डं जप्त झाली, बिस्किटाच्या डब्यात भरली गेली आणि तो डबा सांभाळायला गणिताकडे दिला, कारण आकड्यांचा मामला.

आठवडाभराने मी स्टाफरूममध्ये गेलो तर सरांनी सगळी कार्डं टेबलावर रांगेने मांडलेली.

“मराठी, इकडे या,” ते म्हणाले. “ज्या पोराला तीन अष्टमांश मोठा की पाच बारांश ते वर्षभरात कळलं नाय, तो ह्या सहातला कुठला रकाना पुकारायचा ते डोळं मिटून सांगतो. मी पंचवीस वर्षं नक्की काय शिकवतोय?”

मला माझ्या पंचवीस वर्षांची काळजी वाटली, आणि ती तेव्हा अजून भरायची होती.

मग सहावीत एक प्रकार घडला. ६.१० मोठा की ६.९, असं सरांनी फळ्यावर लिहिलं आणि अख्खा वर्ग ओरडला, “सहा दहा!” सर समजावत राहिले, वर्ग ऐकेना. शेवटी एक पोरगं उठून म्हणालं, “सर, टकल्या सहा दहा हाय आन मुखवट्या सहा नऊ. टकल्या उंच हाय. तुमीच बघा ना डब्यात.” सरांनी डबा आणला, बघितलं. खरंच होतं, फूट आणि इंच होते ते. त्या दिवशी सरांनी दशांश चिन्ह बाजूला ठेवून दोन तास फूट-इंच शिकवले, आणि दुसऱ्या दिवशी कार्डं ज्याची त्याला परत केली. अट एकच: वर्गात नाही, मधल्या सुट्टीत चिंचेखाली. मुख्याध्यापकांना सांगितलं, की कार्डं अजून माझ्या देखरेखीखाली आहेत. ते खोटं नव्हतं. सर रोज मधल्या सुट्टीत चिंचेखालीच बसू लागले.

पोरांची रांग लागे. हातात एक कार्ड, तोंडावर एकच प्रश्न: “सर, हा कसा?”

सर कार्ड कडेला धरून घेत आणि अंगठ्याने पैलवानाचं चित्र झाकत. “चित्र बघून बैल घेतला, की घरी जाऊन रडायचं,” हे त्यांचं पहिलं वाक्य. मग खालचे रकाने बघून दोन गोष्टी विचारत. “आपल्या बारीला हा कशानं मारील? आन दुसऱ्याच्या बारीला कशानं वाचेल?” एकाच रकान्यात डोंगराएवढा आणि बाकी पाच ठिकाणी खड्डा, असा पैलवान आपली बारी असेल तर वाघ, नसेल तर शेळी. सगळ्या रकान्यांत मध्यम असलेला कोणाला आवडत नसे, पण सर त्याला मान देत. “हा जिंकून देणार नाय, पण सहजासहजी मरणार पण नाय. घरात असा एक लागतो.” तिसरी गोष्ट जोडीची. “बाकी तुझ्याकडं काय हाय? उजवा बैल कितीही चांगला, डावीकडं रेडा बांधलास तर नांगर फिरल का?” मग निकाल. निकालाचे शब्द तीनच: ‘ठेव’, ‘दे’ आणि ‘सोड’. ‘ठेव’ म्हणजे जीव गेला तरी बदलू नको. ‘दे’ म्हणजे चांगलं मिळालं तर बदल. ‘सोड’ म्हणजे जो पहिला भेटेल त्याच्या गळ्यात मार.

अदलाबदल मात्र रुमालाखाली. एका कार्डाला दोन द्यायची की तीन, हे दोघांनी बोटांनी ठरवायचं. त्यामुळे भोवतीच्या पोरांना चिथावता येत नसे आणि तोंडाने ‘नाही’ म्हणायची लाज कोणाला वाटत नसे. हे मी पुढे अनेक शिक्षण-शिबिरांतून ऐकलेल्या तंत्रांपेक्षा चांगलं होतं, आणि त्याला नाव नव्हतं.

संस्थेच्या अध्यक्षांचा नातू निखिल आठवीत होता. त्याच्याकडे एक नंबरचा राजा होता, तोही प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला. शाळेत दुसरा नव्हता. निखिलला निकाल नको होता, कौतुक हवं होतं. सरांनी पाकीट काढायला लावलं, अंगठ्याने चित्र झाकलं, रकाने बघितले आणि म्हणाले, “सोड.”

“सर, हा एक नंबर आहे!”

“तेच सांगतोय. क्रमांकात एक, बाकी सगळ्यात पंधरावा-विसावा. आन तुझी बारी सोडली तर क्रमांक कोण पुकारल तुझ्यासमोर? सगळ्यांना म्हाईत हाय राजा तुझ्याकडं हाय. दुसऱ्याची बारी आली की वजन म्हणल, आन राजा गेला. नुसतं नाव मोठं असल, तर त्याला दुसऱ्यांनी हाक मारावी लागते.”

मी शेजारीच उभा होतो. अध्यक्षांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मी तो लगेच घालवला.

निखिलनं राजा सोडला नाही. तीन दिवसांत त्याने तो डावात गमावला, आणि चौथ्या दिवशी निखिल रांगेत येऊन उभा राहिला, बाकीची कार्डं घेऊन. तेव्हापासून तो सरांचा सगळ्यांत चांगला विद्यार्थी झाला. गणितात नव्हे, पण झाला.

आता यमुनेचं सांगतो.

यमुना आठवीतच होती. डोंगरालगतच्या पाड्यावरून चालत यायची. चिंचेखाली खेळणारी ती एकटी मुलगी. दुकानातून चुइंगम घेणं तिला परवडणारं नव्हतं. तिला एक कार्ड रस्त्यात सापडलं होतं आणि त्या एकाची तिने पंधरा केली होती. ती सरांच्या रांगेत कधी यायची नाही. एक दिवस आली. मैत्रिणींनी ढकलली म्हणून आली असावी. हातात बुढ्ढा होता, एक कोपरा उंदरानं खाल्लेला.

सरांनी कार्ड घेतलं. अंगठा चित्रावर ठेवला, पण बहुधा पांढरी दाढी आधीच दिसली असावी. रकाने बघितले. उंची बेताची, वजन उतरलेलं, छाती-दंड सामान्य. लढती दोन हजारांच्या वर.

“एवढ्या लढती?” सर म्हणाले. “म्हंजे हाडं गेली याची. दात जुळलेला, उतरलेला बैल. किती नांगरलाय बघा याला! दे.”

यमुनेनं कार्ड परत घेतलं. तिच्या मागे निखिल उभा होता. त्याने तिथल्या तिथे एक चकचकीत कार्ड पुढे केलं, कुणा दंडवाल्या पैलवानाचं. सरांनी रुमाल पसरला, दोघांचे हात खाली गेले, रुमाल हलला, सौदा झाला.

चार दिवसांनी सरांच्या लक्षात आलं, की मधल्या सुट्टीत यमुना प्रयोगशाळेच्या पायरीवर बसलेली असते. ते तिच्याकडे गेले. मी मागोमाग होतो.

“काय गो, खेळत नाय?”

“कार्डं संपली.”

“पंधरा व्हती ना?”

“संपली.”

“कशी?”

यमुना पायरीवरचा खडा पायाने सरकवत राहिली. “बुढ्ढा व्हता तवर हरत नव्हतो आमी. तो आला की लढती म्हनायचं. लढतीत त्याला कोन मारत नाय. बारी आपल्याकडंच रहायची.”

सर खिशातला रुमाल आत कोंबू लागले. मग म्हणाले, “तुला म्हाईत व्हतं?”

“हां.”

“मग दिलास का?”

“तुमी दे म्हनलात.”

“अगो, पण सांगायचंस ना मला!”

यमुनेनं पहिल्यांदाच वर बघितलं. रागाने नव्हे, नवल वाटल्यासारखं. “तुमी इचारलंच नाय, सर.”

घंटा झाली आणि ती वर्गात गेली. सर पायरीपाशीच उभे राहिले. पुढचा तास त्यांचा दहावीवर होता. तो त्या दिवशी शिपायाने सांभाळला.

स्टाफरूममध्ये बराच वेळ ते रुमालाची घडी घालत बसले होते. घडी झाली की मोडत होते. शेवटी म्हणाले, “मराठी, मोठी चूक झाली. दोन हजार लढती बघितल्या आन मला म्हातारा बैल दिसला. बैलाच्या अंगावर काम चढतं तसं मोल उतरतं, हे डोक्यात एवढं बसलंय. पण कागदावरचा पैलवान म्हातारा होत नाय हो. त्याच्या लढती फक्त वाढलेल्याच राहतात.”

“एक कार्डच आहे, सर,” मी म्हणालो. असली वाक्यं मला सुचतात.

“तुमच्या दृष्टीनं. तिला त्याच्यामुळं चिंचेखाली जागा व्हती. आन रुमाल माझा व्हता.”

दुसऱ्या दिवशी ते धसईला जाऊन चुइंगमचा अख्खा खोका घेऊन आले. त्यातून बुढ्ढा निघेल अशी त्यांची अटकळ. पाकीट फोडायचं तर चुइंगम वाया कसं घालवायचं, म्हणून पंधरा दिवस आमचा सगळा स्टाफ रवंथ करत होता. भूगोल दोन-दोन खात असे. नियोजनाच्या बैठकीत खुद्द मुख्याध्यापकांचा जबडा हलताना मी पाहिला आहे, आणि बालमनावरच्या दुष्परिणामांचं परिपत्रक त्यांच्या मागच्या फलकावर लटकत होतं. बुढ्ढा काही निघाला नाही. राजा मात्र तीन निघाले.

ते तीन राजे घेऊन सर निखिलकडे गेले. “तीन एक नंबर घे, बुढ्ढा दे.”

निखिल हसला. “सर, राजा सोड, असं तुम्हीच सांगितलंत.”

सरांनी राजे खिशात घातले. शिकवलेलं नीट शिकलेला विद्यार्थी कधी कधी किती अडचणीचा असतो, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण ते चिडले नाहीत. “मग काय देऊ? बोल.”

निखिलनं हातातली कार्डं खाली ठेवली. मग त्याचा आवाज बदलला. “सर, पोरं मला चोर म्हणतात. म्हणतात, तू आणि सरांनी मिळून यमुनेला गंडवलं. मी मागितलं कारण तुम्ही दे म्हणालात. मला काही कार्ड नको तुमच्याकडून. तुम्ही सगळ्यांसमोर सांगा, की मी फसवलं नाही, तुमचं चुकलं. मग मी तिला देतो.”

आता हे मागणं रास्त होतं, आणि तीच पंचाईत होती. यात्रा तीन आठवड्यांवर आली होती. फाटकाशी शेतकरी येऊ लागले होते. शाळेतलं बोलणं संध्याकाळी जेवणाआधी गावात पोचतं. ‘हरड सरांचा डोळा चुकला’ हे वाक्य एकदा गावात गेलं, की बैलाला आणि कार्डाला वेगवेगळा डोळा असतो हे कोणी ऐकून घेणार नव्हतं. दोन पिढ्यांत त्या घरातल्या माणसाने चारचौघांत निकाल फिरवला नव्हता. बैल परत आणायला वडील गेले होते, पण ते रस्त्याने एकटे गेले होते. व्यासपीठावरून नव्हे.

मुख्याध्यापकांच्या कानावर ते गेलंच. त्यांनी सरांना बोलावलं; मी हजेरीपट घेऊन तिथेच होतो.

“शिक्षकाने विद्यार्थ्यांपुढे चूक कबूल करणं हे आपल्या शाळेच्या परंपरेत बसत नाही,” ते म्हणाले. “आणि तीसुद्धा बंदी असलेल्या वस्तूबद्दल!”

“बरोबर आहे,” सर म्हणाले. मुख्याध्यापकांचं समाधान झालं. ‘बरोबर आहे’ म्हणजे ‘ऐकलं’, एवढाच सरांचा अर्थ असतो, हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

सोमवारी परिपाठाला सुविचार सांगायची पाळी सरांची होती. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, बातम्या वाचून झाल्या. सर पायरीवर चढले. हातात कागद नव्हता. रुमाल होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

“आज सुविचार नाय,” ते म्हणाले. “आठवीतल्या यमुनेनं मला एक कार्ड दाखवलं. बुढ्ढा. मी त्याला ‘दे’ म्हटलं. तो ‘ठेव’ आहे. लढतीच्या रकान्यात त्याला मारणारा मी अजून बघितला नाय. सगळ्या खेळात त्याच्याइतकं उपयोगाचं कार्ड नसंल. मी कार्ड बघितलंच नाय, मी बैल बघितला. निखिलनं सौदा केला तो माझ्या शब्दावर. त्यानं फसवलं नाय. त्याला कोणी चोर म्हणायचं नाय, म्हणायचं असंल तर मला आंधळा म्हणा.” ते थांबले. आम्हाला वाटलं, संपलं. “ही एक चूक. दुसरी मोठी. ते कार्ड ती तीन महिने खेळत व्हती. त्याची किंमत तिला म्हाईत व्हती. माझ्यापुढं उभी व्हती. मी तिला विचारलं नाय.”

चारशे पोरं गप्प होती. आमच्या शाळेत हे पंधरा ऑगस्टलाही होत नसे. मुख्याध्यापक आकाशाकडे बघत होते, जणू परंपरा तिकडून निघून चालली होती. मी यमुनेला शोधलं. ती रांगेत मान खाली घालून उभी होती आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

तेवढ्यात मागून सहावीतला एक आवाज आला, “सर, मग माझा केसाळ पण परत बघा ना! त्याला पण तुमी सोड म्हनलावता!”

अख्खं मैदान हसलं. सरही. मुख्याध्यापकांनी संधी साधून “सावधान!” म्हटलं.

मधल्या सुट्टीत निखिल चिंचेखाली आला आणि बुढ्ढा यमुनेपुढे धरला. ती घेईना. “फुकाट नको.”

“मला काय नको,” निखिल म्हणाला.

“मंग मला पन नको.”

सर मध्ये पडले नाहीत. त्यांनी नुसता रुमाल पसरून धरला. यमुनेने ओढणीच्या गाठीतली बोरं काढून मांडीवर ठेवली आणि हात रुमालाखाली घातला. निखिलनेही घातला. रुमाल बराच वेळ हलला, एकदा निखिल “ए, एवढी नाय!” असं तोंडाने बोलून गेला आणि पोरांनी त्याला गप्प केलं. शेवटी त्याच्या ओंजळीत बोरं आली आणि बुढ्ढा तिच्या हातात गेला. किती बोरं ते मला माहीत नाही. रुमाल त्यासाठीच असतो.

एका कार्डावर यमुना पुन्हा उभी राहिली. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत तिने एकाची वीस केली होती आणि त्यात निखिलची सात होती. अशा लेखांत यमुना पुढे मोठी अधिकारी वगैरे होते. मला माहीत नाही. ती दहावी पास झाली एवढं मला माहीत आहे, कारण निकालाचा कागद मी वाचला होता. पुढे लग्न होऊन ती शहापूरच्या बाजूला गेली असं ऐकलं.

यात्रेचं म्हणाल, तर त्या वर्षी फाटकाशी शेतकरी कमी आले, हे खरं. पुढच्या वर्षी थोडे जास्त आले. पण सरांची रीत बदललेली त्यांना जड गेली असावी. पूर्वी ते बैलाभोवती एक फेरी मारून निकाल देत; आता फेरी मारून झाली, की विकणाऱ्याच्या बायकोला किंवा गुराख्याला गाठून विचारत बसत: “तुमी याला राखलात ना? चिखलात कसा वागतो? भितो कशाला?” गिऱ्हाईक ताटकळे. एकजण वैतागून माझ्याजवळ म्हणाला, “आमी सरांना आनला बैल बघाया, आन सर बसलंय बायांशी गप्पा मारीत.” चिंचेखालची रांगही तशीच लांबली. ‘ठेव’, ‘दे’, ‘सोड’ म्हणायच्या आधी प्रत्येक पोराला आपल्या पैलवानाची हकिकत सांगावी लागे, आणि पोरं एकदा सांगायला लागली की घंटा त्यांना ऐकू येत नसे. पैलवानांची हवा दोन वर्षांत ओसरली. रांग काही दिवस तशीच राहिली. पोरं मग भोवरे घेऊन येऊ लागली.

माझी बदली शहापूरला झाली आणि सर त्यानंतर निवृत्त झाले. पत्रं लिहिणाऱ्यांतले ते नव्हते, मीही नाही.

दोन हजारनंतरची गोष्ट. एका लग्नासाठी मी धसईला गेलो होतो. दुपारी परतीच्या गाडीसाठी थांब्यावर आलो, तर बाकावर हरड सर बसलेले. केस गेलेले, चष्मा जाड, बाकी तसेच. शेजारी सात-आठ वर्षांचं एक पोरगं, एक चप्पल घातलेलं आणि एक हरवलेलं. त्याच्या हातात कार्डं होती, पण पैलवान नव्हते. शेपट्या, शिंगं, पंख असलेले कसले कसले राक्षस, आणि कोपऱ्यात चांदण्या. पोरगं सरांना त्यातलं एक समजावून सांगत होतं. दिसायला कार्ड अगदी भिकार होतं. एक मरतुकडं चिखलाचं भूत आणि एकच चांदणी.

“हा लढतच नाय, आजोबा. ह्याचा पावर शून्य हाय. पन हा मेला ना, की दुसऱ्याचा मोठा राक्षस असतो तो पन झोपतो. तीन बारी उठतच नाय.”

“अस्सं,” सर म्हणाले. “आन तू त्याला कधी काढतोस?”

“ते नाय सांगनार.”

“बरं, नको सांगू. पण मोठा राक्षस आधीच झोपलेला असंल तर?”

पोरगं विचारात पडलं.

मी पुढे होऊन म्हटलं, “सर, ओळखलंत का? मराठी.”

सरांनी वर पाहिलं. ओळखलं होतं, डोळ्यांत दिसलं. पण त्यांनी तळहात वर करून मला थांबवलं आणि पुन्हा पोराकडे कान केला, कारण त्याला उत्तर सापडलं होतं आणि ते भराभर सांगू लागलं होतं, बोटं मोडून, मध्येच उभं राहून, एकदा चुकून पुन्हा पहिल्यापासून. मी थांबलो. गाडी आली, कंडक्टरने घंटी दिली, मला चढावं लागलं. खिडकीशी जागा मिळाली. गाडी हलली तेव्हा पोरगं बाकावर चढून चिखलाचं भूत कसं मरतं ते करून दाखवत होतं, आणि हरड सर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, तोंड मिटून, ते बघत होते. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही.